बोलल्याबद्दल तुरुंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या बाजूला चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा अध्यक्षबाईंनी मला पुढे ओढले आणि म्हणाल्या, चहा दुसरे कुणी करील, तू दोन शब्द बोल. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा माझ्याकडून मोठ्या शब्दांची अपेक्षा ठेवू नका. मुलीने वाचनालयातून आणलेली पुस्तके मला वाचून दाखवली. त्यातले मी वहीत टिपून घेतले आहे. तेच वहीत बघून सांगणार आहे. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी विषय निवडला आहे तो बोलण्याचाच. म्हणजे, बोलल्याबद्दल ज्या बायांना सरकारने तुरुंगात घातले त्यांचा. तुम्ही म्हणाल, वर्धापनदिनाला हळदीकुंकू, लोणची-पापड, बचतीचा हिशेब हे विषय सोडून हिला तुरुंग कुठून आठवला? त्याचे कारण आधी सांगते.

मागच्या ग्रामसभेची गोष्ट तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. नळाला बारा-बारा दिवस पाणी येत नव्हते. आपण दहाजणी देवळात बसलो आणि ठरवले की पाणीपट्टीचा हिशेब विचारायचा. दहाहीजणींनी माना हलवल्या. सभेत मात्र एकच उठली. तिने प्रश्न विचारला, तर मागून कुणीतरी म्हणाले, बाईमाणसाला हिशेबातले काय कळते, घरच्याला पाठवून दे. लोक हसले. ती तशीच उभी राहिली आणि तिने वळून आपल्याकडे पाहिले. आपण नऊजणी खाली बघत होतो. मी तर पदर सावरत होते. माझा पदर तेव्हा जागच्या जागी होता, हे माझे मला ठाऊक आहे.

ती आज इथे बसली आहे. नाव घेत नाही, तिला आवडायचे नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे. आपल्याला कुणी फासावर देणार नव्हते, कुणी तुरुंगात टाकणार नव्हते. फार तर चार माणसे हसली असती. तेवढ्याला आपण भ्यालो. मग ज्या बायांच्या पुढे खरोखर तुरुंग होता, त्या कशा उठल्या असतील?

प्रथम आपल्या घरचेच सांगते. आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव सरकारी कागदावर आले. त्याआधीचे उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. सगळा देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपण तेरा महिने मागे राहिलो. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपली म्हातारी माणसे त्यालाच पोलीस अॅक्शन म्हणत.

त्या राज्यात बोलायला बंदी होती, म्हणजे किती बंदी होती पाहा. गश्ती निशाण ५३ या नावाचे एक फर्मान होते. त्याप्रमाणे सरकारची परवानगी घेतल्याशिवाय सभा भरवता येत नसे. १९३८ साली लोकांनी स्टेट काँग्रेस नावाची संस्था काढायचे ठरवले, तर ती निघायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. मूल जन्मायच्या आधीच त्याला शिक्षा! ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी ही चळवळ चालवली, ते पूर्वी आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. त्यांनाही वारंवार तुरुंग भोगावा लागला. आणि हे काही एका धर्माच्या माणसांचे दुसऱ्या धर्माच्या माणसांशी भांडण नव्हते. हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या विरुद्ध लिहिले, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मारून टाकले. खरे बोलणारा कोणत्याही घरात जन्माला येतो.

भूम तालुक्यातल्या ईट गावच्या गोदावरीबाई टेके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. रझाकारीच्या दिवसांत त्या हातात बंदूक घेऊन लढल्या आणि लढतालढता गेल्या. त्यांच्यापुढे आपण नुसते हात जोडायचे. पण बंदूक घेणाऱ्या थोड्या. बाकीच्या बाया काय करीत होत्या?

माझ्या आजेसासूबाई सांगत. त्या तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. चळवळीतली पोरे रात्री रानात येत. सासूबाई भाकरी बडवायच्या आणि या पाटीत घालून, वर शेणाच्या गोवऱ्या रचून, रानात नेऊन द्यायच्या. एकदा पोलीस दारात आले. कोण येते, कुठे जाते, विचारू लागले. आजेसासूबाई म्हणायच्या, "मी काही बोलले न्हाई बघ. नुसती चुलीपाशी बसून राहिले." पुढे भीती वाढली तेव्हा सगळे घर बैलगाडीत घालून बार्शीला गेले, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर होती.

त्यांचे ते न बोलणे हे धाडसच होते, हे मी कबूल करते. त्या गप्प बसल्या म्हणून पोरे वाचली. पण मी सभेत गप्प बसले ते कुणाला वाचवायला? स्वतःलाच ना? म्हणजे गप्प बसण्यातही दोन जाती आहेत. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

आता आपल्या रानातून जरा लांब, गोव्याला जाऊ या. आपल्याकडे निजाम गेला, तरी गोव्यात पोर्तुगीज राज्य आणखी तेरा वर्षे चालूच होते. तिकडे पोर्तुगालमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा बसला होता. १९३२ पासून १९६८ पर्यंत तो पंतप्रधान होता. त्याच्या राज्यात गोव्याच्या लोकांना सभा घ्यायची चोरी, छापायची चोरी. भगिनींनो, लग्नाची पत्रिकासुद्धा सरकारी माणसाने पाहून मंजूर केल्याशिवाय छापता येत नसे! आपल्या घरी लग्न निघाले म्हणजे पत्रिकेत कुणाचे नाव राहिले, कुणाचे खाली गेले, यावरून केवढी रुसवेफुगवी होतात. तिथे वर आणखी सरकारचा रुसवा!

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. त्यांना पकडले. लोकांची भीड त्या दिवशी चेपली. त्याच महिन्यात मडगावात वत्सला कीर्तनी नावाची तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. तिलाही पकडले. तेव्हा तिथल्या बायका घरी पळाल्या नाहीत. त्या पोलीसचौकीवर गेल्या आणि म्हणाल्या, तिला धरले तर आम्हालाही धरा.

हे मुलीने वाचले तेव्हा मी तिला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. एकटी उठली, तिला धरले, आणि बाकीच्या तिच्या मागे गेल्या. मला आपली ग्रामसभा आठवली. पुढचे काही वेळ मला ऐकूच आले नाही.

आता जिच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या बाईंकडे येते. त्यांचे नाव सुधाताई जोशी. पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. महादेवशास्त्री म्हणजे ज्यांनी भारतीय संस्कृतिकोश रचला, ज्यांच्या गोष्टीवरून "मानिनी" हा बोलपट निघाला, ते. हे मूळचे गोव्याचे कुटुंब पुण्यात राहत होते. सुधाताई तुमच्या-आमच्यासारख्या संसारी बाई होत्या.

१९५५ साली गोव्याच्या नॅशनल काँग्रेसने ठरवले की आपले अधिवेशन बाहेर कुठे नाही, गोव्यातच, म्हापशाला भरवायचे. तेही उघडपणे, सरकारच्या नाकासमोर. त्याचे अध्यक्षपद सुधाताईंना दिले. अध्यक्ष होणे म्हणजे आपल्याकडे हार घालून घेणे. तिथे अध्यक्ष होणे म्हणजे बेडीला हात पुढे करणे. हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्या पुण्याहून निघाल्या आणि ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात उभ्या राहिल्या. तिथेच त्यांना अटक झाली.

पुढे खटला झाला. खटला कुणापुढे? नेहमीच्या कोर्टापुढे नाही, लष्करी न्यायालयापुढे. त्या काळी गोव्यातले असे खटले पणजीच्या लष्करी न्यायालयात चालत. सुधाताईंच्या हातात हत्यार नव्हते. त्यांनी कुणाला मारले नव्हते, काही जाळले नव्हते. गुन्हा एवढाच की बंदी असताना सभेला उभ्या राहिल्या. शिक्षा किती झाली असेल? बारा वर्षे!

बारा वर्षे हे पुस्तकात वाचताना एक आकडा वाटतो. मी रात्री अंथरुणावर पडून तो आपल्या हिशेबात मोजला. बारा वर्षांत पाळण्यातली पोर न्हातीधुती होते. शाळेत जाणारा लेक कर्ता होतो. बारा दिवाळ्या, बारा संक्रांती, बारा पंचमी. दारचे लिंबाचे रोप सावली देऊ लागते. आणि घरच्या माणसांना दररोज सकाळी उठून चूल पेटवायची असते, ती पेटवणारी बाई मात्र नाही.

मित्रा काकोडकर नावाची दुसरी एक मुलगी. वय बावीस. आपल्याकडे या वयाच्या मुलीचे लग्न जमवायची धावपळ चाललेली असते. तिलाही बारा वर्षांची शिक्षा झाली. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय याच १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात झेंडा घेऊन गेल्या आणि पोर्तुगीजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्या पुढे लोकसभेत निवडून गेल्या.

सुधाताईंना बारा वर्षे पुरी काढावी लागली नाहीत. १९५९ साली त्या सुटल्या. आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला. त्यांना शिक्षा देणारे न्यायालय, ते सरकार, सगळे समुद्रापार गेले. मित्राताईंनी पुढे गोव्यात मुलींसाठी शाळा काढल्या आणि मोठ्या बायकांना शिकवण्याचे काम हाती घेतले. माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या बाईला ही गोष्ट फार लागते. तुरुंगातून सुटलेल्या बाईने काय करावे? तर दुसऱ्या बायकांना वाचायला शिकवावे. ज्यांनी बोलल्याबद्दल तुरुंग भोगला, त्यांनीच बोलायला लागणारी अक्षरे पुढे वाटली.

इथे कुणी म्हणेल, बाई, निजाम झाला, पोर्तुगीज झाले, हे परके राज्यकर्ते. त्यांनी असे करायचेच. आता आपले राज्य आहे. माझाही आधी हाच समज होता. पण मुलीने पुढचे पान उलटले.

२५ जून १९७५ रोजी आपल्याच देशात, आपणच निवडून दिलेल्या सरकारने आणीबाणी लावली. ती २१ मार्च १९७७ ला उठली. जवळजवळ एकवीस महिने. त्यात मिसा नावाच्या कायद्याखाली माणसे उचलली गेली. सुधाताईंच्या वेळी निदान खटल्याचे नाव तरी होते. इथे तेही नाही. आरोप सांगायचा नाही, कोर्टात उभे करायचे नाही, किती दिवस ठेवणार ते सांगायचे नाही. लोक न्याय मागायला गेले, तर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आणीबाणी असेपर्यंत अशा कैद्याला सुटकेसाठी कोर्टाकडे येता येणार नाही. पाच न्यायाधीश बसले होते. चौघांचे एक मत झाले. पाचवे न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे म्हणाले की हे चूक आहे. पाचांत एकटे! तेव्हा मोठ्या माणसांच्या सभेतही एकटे उठणे अवघडच असते असे दिसते. पुढे २०१७ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने जुना निकाल चुकीचा होता असे सांगितले. खन्नासाहेबांचे म्हणणे खरे ठरायला एकेचाळीस वर्षे लागली.

त्या वेळी महाराष्ट्रातल्या ज्या बाया तुरुंगात गेल्या, त्यांत मृणालताई गोरे होत्या, अहिल्याताई रांगणेकर होत्या, प्रमिलाताई दंडवते होत्या. यांची आधीची ओळख काय? तर १९७२ साली महागाई वाढली तेव्हा यांनी मुंबईच्या बायका रस्त्यावर आणल्या. हातात काय होते? लाटणे! लाटण्याचा मोर्चा. तेल, साखर, रॉकेल यांचा जाब विचारणारा. मृणालताईंना तर लोक पाणीवाली बाईच म्हणत, कारण त्या गोरेगावच्या बायकांच्या नळासाठी भांडल्या. म्हणजे पाहा, सुरुवात आपल्यासारखीच, नळापासूनच झाली होती.

मृणालताई विधवा होत्या, पदरी एक मुलगी. आणीबाणीत काही महिने त्या लपूनछपून काम करीत राहिल्या आणि १९७५ च्या अखेरीस पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला वेगळे ठेवले होते. प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात आणि त्यांचे पती मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. नवराबायकोचा संसार पत्रांवर चालला.

आणि दुर्गाबाई भागवत. त्या कोणत्या पक्षाच्या नव्हत्या, मोर्चाच्याही नव्हत्या. पुस्तकात डोके घालून बसणारी विदुषी. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या त्या अध्यक्ष. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. तशा व्यासपीठावरून दुर्गाबाई लेखकांवरच्या बंधनाविरुद्ध बोलल्या आणि जयप्रकाश नारायण आजारी होते, त्यांना बरे वाटावे म्हणून सभेला प्रार्थना करायला लावली. आजारी माणसासाठी प्रार्थना! ती तर आपण रोज देवापुढे करतो. पण काळ असा आला की तीही धाडसाची गोष्ट झाली. पुढे १९७६ साली त्यांना मुंबईत अटक झाली, तीही वाचनालयातून.

मग काय झाले? १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी ते सरकार खाली बसवले. मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेवर निवडून गेल्या. मिसा कायदाही रद्द झाला. जिला बोलू दिले नाही, तिला लोकांनी सगळ्यात मोठ्या सभेत बोलायला पाठवले.

भगिनींनो, या सगळ्या बाया वेगवेगळ्या पक्षांच्या, वेगवेगळ्या मतांच्या होत्या. त्यांची सगळी मते आपल्याला पटलीच पाहिजेत असे नाही. माझ्या घरातच दोन पक्षांची माणसे आहेत आणि जेवताना वाद होतात. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. सरकार निजामाचे असो, पोर्तुगीजांचे असो की आपले, ज्याला हिशेब द्यायचा नसतो, तो विचारणाऱ्याचे तोंड आधी बंद करतो. आणि दुसरी गोष्ट अशी, की उठणारी बाई आकाशातून पडत नाही. तिलाही चूल असते, मूल असते, लोक काय म्हणतील याची भीती असते. आपण म्हणतो, त्या थोर होत्या म्हणून उठल्या. मला वाटते, त्या उठल्या, म्हणून आपण त्यांना थोर म्हणतो. थोर म्हणून हात जोडले की आपण सुटतो. आपल्याला उठायला नको.

पहिली उठते तिचे धाडस मोठे, यात शंका नाही. पण तिचे काय होते, हे दुसरीवर अवलंबून असते. दुसरी उठली नाही, तर पहिली वेडी ठरते. दुसरी उठली की तो प्रश्न गावाचा होतो. मडगावच्या त्या बाया चौकीवर गेल्या, म्हणून ती मुलगी एकटी पडली नाही. आपली मैत्रीण त्या दिवशी एकटी पडली. तिला दुसऱ्या दिवशी घरात काय ऐकावे लागले, हे आपल्याला माहीत आहे. आणि नळ अजून बारा दिवसांनीच येतो, हेही माहीत आहे.

म्हणून आज सगळ्यांसमोर मी तिची माफी मागते. तिने वळून पाहिले तेव्हा मी पदर सावरला, हे माझे चुकले.

पुढची ग्रामसभा येईल तेव्हा पाणीपट्टीच्या पावत्या मी माझ्या पिशवीत घालून आणणार आहे. त्या मी साडीच्या घडीत जपून ठेवल्या आहेत. ती पहिली उठली होती. यंदा तिच्यामागून दुसरी मी उठणार आहे. मला बोलता येते की नाही हे आज तुम्ही पाहिलेच. हात थरथरतात, मधे शब्द विसरतात, पण प्राण काही जात नाही. तिसरी कोण, हे मी विचारत नाही. ते तुम्ही घरी भाकरी थापताना ठरवा.

तेवढे बोलून माझे चार शब्द संपवते. चहा तयार आहे. आज पहिल्यांदाच तो मी केलेला नाही. तेव्हा साखर कमीजास्त झाली तर माझ्याकडे बघू नका.

जय हिंद.